एकाच कामाचे दोन पगार

कल्याणच्या एका खासगी प्रसूतिगृहात मी आया म्हणून लागले तेव्हा माझा पगार किती हे मला चार महिने कळलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. नवरा विषमज्वराने गेला, मूल नव्हतं, सासरच्यांनी भावाकडे पोचवलं आणि भावाने डॉक्टरीणबाईंकडे. देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं असेल-नसेल. भाऊ त्यांना म्हणाला, चौथी शिकलेली आहे, कामाला मागे नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे. घरच्यासारखी राहील." एवढ्यावर सगळं ठरलं. भाऊ स्टेशनच्या रस्त्याला लागला आणि मी पदर खोचला.

घरच्यासारखी म्हणजे दोन वेळचं जेवण, दिवाळीला एक पातळ आणि जिन्याखाली झोपायला जागा. महिन्यातून केव्हातरी डॉक्टरीणबाई पाकिटातून दोन-तीन चुरगळलेल्या नोटा काढून हातात ठेवायच्या. "हे घे गं, असू दे तुला." त्या न मोजता द्यायच्या आणि त्यांच्यासमोर मोजण्याची मला सोय नव्हती. बाई वाईट नव्हत्या. मला हिवताप आला तेव्हा स्वतः कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पण बक्षिसी त्या पगारातच धरायच्या. मुलगा झाला की बाळंतिणीच्या घरचे आम्हाला पेढे आणि रुपया देत. मुलगी झाली की बर्फी आणि चार आणे. तिसरी मुलगी झाली की नुसते तोंड फिरवून जात. "तुम्हाला वरचं मिळतंच की," असं बाई म्हणायच्या. म्हणजे कल्याणातल्या बायकांच्या पोटी काय येतं त्यावर आमचा पगार ठरत होता.

आम्ही दोघी होतो. दुसरी माझ्याआधी दोन वर्षं लागली होती. ती ठाण्याच्या खाडीकाठची, मिठागरावर वाढलेली. तिच्या टाचांना मिठाने पाडलेल्या भेगा होत्या, त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत. तिची आई गावची सुईण, त्यामुळे हिला बाळंतपणातलं सगळं येत होतं. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ही वर्षभर गप्प राहिली. मग त्या दुसरीला दिवस गेले आणि सासूने हिला सांगितलं की बाळंतपण तूच कर, सुइणीचे पैसे वाचतील. ती त्याच आठवड्यात घर सोडून आली. "सवत चालंल गो, पण फुकट काम नाय," असं म्हणायची. वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणत असे, ती मला बाय.

काम मला तिनेच शिकवलं. पाणी किती तापवायचं, शेगडीवर ओवा-बाळंतशोपा कधी टाकायच्या, दुपट्यांवरचे डाग गार पाण्यातच का धुवायचे. धीर बाळंतिणीला द्यायचा, तिच्या नवऱ्याला द्यायचा नाही, हेही तिनेच सांगितलं. नवऱ्याला धीर दिला की तो पान खायला निघून जातो आणि मग औषध आणायला माणूस सापडत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या घरची जेवणं उरकली की मागच्या दाराने आमचं ताट यायचं. ताट एकच. कोणती कधी कामात अडकेल याचा नेम नसे, म्हणून दोघींचं मिळून एकदाच वाढत. एक जेवता जेवता उठली तर दुसरी तिच्या बाजूचं झाकून ठेवायची. तिची जात वेगळी, माझी वेगळी. माझ्या भावाला हे कळलं तेव्हा त्याने आठ दिवस तोंड वाकडं केलं. त्यापलीकडे काही केलं नाही, कारण मला परत घरी न्यावं लागलं असतं.

आमचं एक ठरलेलं होतं. डोंबिवलीला खोली घ्यायची. तेव्हा डोंबिवलीत स्टेशनपासून थोडं लांब गेलं की भातखाचरं लागत आणि खोल्या स्वस्त मिळत. खोली कशाला, तर आतून कडी घालायला. प्रसूतिगृहात आमच्या जिन्याखाली दार नव्हतं, पडदा होता. वरून "अगं" अशी हाक आली की दोघींनी उठायचं. ती हाक कुणाला आहे हेही कळत नसे. ताई म्हणायची, आपल्या खोलीत कोणी हाक मारली तरी आपण आधी चा पिऊ, मग ओ देऊ.

असं पाच वर्षं चाललं. मग नगरपालिकेने सूतिकागृह काढलं आणि आयांच्या जागा निघाल्या. नोटीस भिंतीवर लावली होती. बाजारातून येताना आम्ही दोघी तिच्यापुढे उभ्या राहिलो आणि मी मोठ्याने वाचत गेले. पगार ऐकून ताई म्हणाली, परत वाच. मी परत वाचला. आम्हाला मिळे त्याच्या तिप्पट. वर महागाई भत्ता, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा. आणि खाली एक ओळ होती, चौथी पास असल्याचा दाखला हवा.

ताईला सही येत नव्हती. बाळंतपणाचं तिला येई त्याच्या अर्धंही मला येत नव्हतं, पण दाखला माझ्याकडे होता. मी तिला म्हणाले, आपण जाऊन विचारू, तुझ्यासारखी आया त्यांना मिळायची नाही. ती म्हणाली, "कनाला इचारायचा? तू जा. एकीला तरी मिळूं दे. एकीला मिळाला म्हंजे खोली मिळाली." तिने ते मनापासून म्हटलं. मीही तसंच धरून चालले.

नोकरी मिळाली. डॉक्टरीणबाई नाराज झाल्या. म्हणाल्या, "तिथे तुला कोण विचारणार आहे? आजारी पडलीस तर काय करशील?"

मी म्हणाले, "रजा टाकीन."

त्यांना ते उद्धट वाटलं. मला तर तो नियम वाटला होता.

सूतिकागृहात काम तेच होतं. तेच पाणी, तीच दुपटी, तशाच ओरडणाऱ्या बायका. खरं सांगायचं तर काम कमी होतं, कारण कामाची पाळी संपली की मी मोकळी. बक्षिसी घेऊ नये अशी पाटी भिंतीवर होती आणि आम्ही बहुतेक वेळा ती पाळायचो. मुलगी झाली काय, मुलगा झाला काय, माझ्या पगाराला काही होत नव्हतं. पहिल्या तारखेला कारकुनापुढे रांग लावायची. तो नोटा मोजून टेबलावर ठेवायचा, आपणही मोजायच्या, आणि एक आण्याच्या तिकिटावर सही करायची. पगार वीस रुपयांच्या वर असला तरच ते तिकीट लागतं, असं कारकुनाने सांगितलं. आधीच्या जागी तिकीट लागण्याची वेळच आली नव्हती. पहिल्यांदा मी नोटा दोनदा मोजल्या आणि मग सही केली. चार माणसांसमोर मोजून मिळालेले पैसे वेगळे असतात. ते कोणाच्या मनात आलं म्हणून मिळत नाहीत.

पण तिथे कोणी कोणाचं नव्हतं, हेही सांगून टाकते. आम्ही सहा आया होतो. बाकीच्या पाचजणींना नवरे होते, पोरं होती. पाळी संपली की पायात वहाणा सरकवून चालू लागायच्या. डबे सगळ्यांचे वेगळे, खायच्या वेळा वेगळ्या. भिंतीकडे तोंड करून पोळी खायची आणि कामाला लागायचं. पहिला महिना मी दिवसभरात बाळंतिणींव्यतिरिक्त कोणाशी बोलले नाही. भावाकडे झोपायला जात असे, तिथे भावजय बोलत नसे.

म्हणून दुसऱ्याच महिन्यात मी डोंबिवलीला खोली घेतली. पुढे ओटा, मागे चूल, दाराला आतून भक्कम कडी. ताईला घेऊन आले. तिने कडी चार वेळा लावून काढून पाहिली.

आता आम्हाला वाटलं होतं की ती खोलीवर राहील आणि रोज कल्याणला प्रसूतिगृहात कामाला जाईल. तसं तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग रात्री दार कोण उघडणार?" त्यांचा इलाज नव्हता. बाळं वेळ बघून येत नाहीत. पण तेव्हा आम्हाला कळलं की ते जेवण, ती जिन्याखालची जागा आणि त्या चुरगळलेल्या नोटा हे सगळं मुख्यतः रात्री दार उघडण्याचे पैसे होते. दिवसाचं काम वर घातलेलं होतं. ताईची नोकरी गेली. ती म्हणाली, जाऊं दे, डोंबिवलीच्या आजूबाजूला गावं हायत, बायका काय बाळंत व्हायच्या थांबल्यात?

बायका थांबल्या नव्हत्या, पण प्रत्येक गावाची सुईण ठरलेली होती. सुईण बदलणं म्हणजे भटजी बदलण्यासारखं. चार महिन्यांत तिला दोन बाळंतपणं मिळाली. एकीने नारळ आणि तांदूळ दिले, दुसरीने नुसतं जेवायला घातलं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. मी कामावरून आले की आम्ही ओट्यावर बसून चहा घ्यायचो आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणी ओळखीच्याने हाक मारली तर मुद्दाम उशिरा ओ द्यायचो. पण मी बाहेर आणि ती घरात, त्यामुळे स्वयंपाक तिच्याकडे गेला. मग पाणी. मग माझी पांढरी पातळं, जी कामावर नेसावी लागत, ती ताई धुवायला लागली. मी नको म्हटलं तर म्हणायची, बसून काय करूं, हाताला सवय हाय. ते खरंच होतं. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. एकीने कमवायचं, एकीने घर बघायचं, असं सगळीकडे चालतं.

मग ती माझ्या मागून जेवायला लागली. मी म्हणायची, "बस की." ती म्हणायची, "तुजा होऊं दे, तू दमून आलीस." तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकायची आणि पुढची थापायला घ्यायची. ताटं दोन झाली होती. मी जेवून हात धुवायला उठले की ती बसायची. असं का, हे मी एकदा विचारलं. तिने सांगितलं की गरम भाकरी दोघींना एकदम मिळणार कशी, तवा तर एकच.

आमच्या खोलीची मालकीण शेजारीच राहायची. तिचा नवरा मुंबईत कुठल्याशा कचेरीत होता. एकदा ती ओट्यावर येऊन मला म्हणाली, "तुमची बाई फार स्वच्छ आहे हो. भांड्यांना आमच्याकडे येईल का?" ताई तिथेच तांदूळ निवडत बसली होती.

मी म्हणाले, "ती माझी बाई नाही."

"मग कोण?"

आता काय सांगणार? बहीण म्हणावं तर तोंडावळा वेगळा, भाषा वेगळी. मैत्रीण हा शब्द तेव्हा शाळेतल्या पोरींना वापरायचे. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात ताईच म्हणाली, "येईन की. काय देशील ते आधी बोल. ही देते त्याच्यावर द्यावा लागंल." मालकीण हसली, ताई हसली. मालकीण गेल्यावर ताई उरलेले तांदूळ निवडत बसली.

ताईला मिश्रीची सवय होती. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिची मिश्रीची डबी रिकामी आहे आणि ती सकाळी नुसत्या राखेने दात घासते. मिश्री ती काय, आण्या-दोन आण्याची. पण त्यासाठी माझ्यापुढे हात पसरणं तिच्या जिवावर आलं असणार. मला ते बघवलं नाही. मला डॉक्टरीणबाईंच्या चुरगळलेल्या नोटा आठवल्या. मी मनाशी म्हटलं, हिला असं अधूनमधून, मनात येईल तसं द्यायचं नाही. हिला व्यवस्थित द्यायचं.

पहिल्या तारखेला मी पगार घेऊन आले, पाय धुतले, आणि ताईला समोर बसवून तिच्या हातावर नोटा मोजून ठेवल्या. डॉक्टरीणबाई देत त्याच्यापेक्षा थोड्या जास्तच.

तिने विचारलं, "ह्ये कशाचे?"

"महिन्याचे. दर पहिल्या तारखेला देत जाईन. तू मागायचं नाहीस."

तिने नोटा पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "न् सुट्टी?"

मला वाटलं थट्टा करते. मी म्हणाले, "घे की. रविवारची घे."

"भरपगारी?"

"भरपगारी," मी म्हणाले आणि दोघी हसलो. तिने नोटांची घडी करून कमरेला खोचली. त्या दिवशी ती माझ्या आधी झोपली.

रविवारी सकाळी ती उठली, भाकऱ्या करून झाकून ठेवल्या, आपलं दुसरं लुगडं पिशवीत घातलं आणि म्हणाली, "सुट्टीवर चालले गो बाय." मी विचारलं कुठे. म्हणाली, ठाण्याला. मी हो म्हटलं. सोमवारी ती आली नाही. मंगळवारी आली नाही.

माझी समजूत अशी की ती गावी जाऊन आजारी पडली असेल. मला सुट्टी आठवड्यातून एकच. ती मिळाली त्या दिवशी ठाण्याला उतरून खाडीकडे चालत गेले. मिठागरावर बायका डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहत होत्या. त्यांच्यातल्या एकीने सांगितलं, ती गावात नाही, तलावाजवळ एका डॉक्टरणीच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात लागली. कधी, असं मी विचारलं. रविवारी आली, सोमवारी लागली.

त्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात ती भांड्यात दुपटी उकळत होती. मला बघून तिला राग आला नाही, आनंदही झालेला दिसला नाही. तिने पाट सरकवला. मी बसले. लाकडाने दुपटी ढवळत तिने माझी पाळी कुठली, मालकीण कशी आहे, असं विचारून घेतलं. मग मी विचारलं, "इथे किती देतात?"

"देतात काय तरी. अजून बोलली नाय ती."

"मी जास्त देत होते."

"हो गो. जास्तीच देत होतीस."

"मग?"

ती जाळ थोडा मागे ओढून माझ्याकडे वळली. "ह्या डागदरणीनं कमी दिला तर तिच्या पाठीमागं मी तिला शिव्या घालीन. त्या कल्यानच्या बाईलाबी घालत होतो ना आपण दोघी जिन्याखाली? तुझ्याकडं कमी पडला तर मी कोनासमोर शिव्या घालूं? खोलीत दुसरा हाय कोन?"

मी म्हणाले, "मग नको पगार. तशीच चल. आधी होतीस तशी."

"आता कशी? मोजून दिलास ना एकदा."

मला राग आला. मी म्हणाले, "मग काय करायला हवं होतं मी? तुला राखेने दात घासताना बघत बसायला हवं होतं?"

ती म्हणाली, "नाय गो. तुजा चुकला असा मी कुठं बोलते? तू दिलास ता बरोबर. मी घेतला ताबी बरोबर. पन मंग मी तुझ्याकडं कामाला झाले. न् कामच करायचा तर मना हा येतो." तिने दुपट्यांकडे बोट केलं. "भाकऱ्या कोनपन करील."

आतून हाक आली. तिने ओ दिली नाही. मला म्हणाली, "हितं अजून एक जागा हाय. आया पायजेच. तू येतेस का?"

ती गंमत करत नव्हती. तिने ती जागा बघून ठेवली होती. झोपायची जागाही दाखवली. ती बाळंतिणींच्या खोलीमागची बोळ होती, आणि पडदासुद्धा नव्हता. मला कायम व्हायला तीन महिने राहिले होते. कायम झाल्यावर कोणी काढू शकत नाही, फंड सुरू होतो, म्हातारपणी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. माझ्या मागे-पुढे कोणी नव्हतं. भाऊ कसा होता ते मी पाहिलं होतं. तिथे ताई होती, पण ताईला काही झालं असतं, किंवा मला काही झालं असतं, तर त्या बोळीत दुसरी आया आली असती.

मी म्हणाले, "मला जमणार नाही."

"मना वाटलाच," ती म्हणाली. "तुज्याजवळ दाखला हाय. माज्याजवळ असता तर मीबी नसती आले."

पुन्हा हाक आली. या वेळी तिने ओ दिली, लुगड्याला हात पुसले आणि आत गेली. मी पाटावर थोडा वेळ बसले. भांड्याखालचा जाळ वाढला होता म्हणून एक लाकूड बाहेर ओढलं आणि निघाले.

त्यानंतर ती मला दोनदा भेटली. एकदा स्टेशनवर, घाईत. आणि एकदा मी मुद्दाम गेले तेव्हा ती बाळंतपणात गुंतली होती. बाहेर येऊन म्हणाली, पोर पायाळू आहे, वेळ लागेल. मी तासभर थांबून परत आले. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तो दवाखाना दुसऱ्या जागी गेला होता आणि नवी जागा सांगणारं कोणी भेटलं नाही. मी फार शोधलं नाही. शोधून तिला काय देणार होते?

कायम झाल्याचा कागद मला ठरल्या वेळी मिळाला. पाचही आयांनी अभिनंदन केलं आणि पाळी संपल्यावर आपापल्या घरी गेल्या. डोंबिवलीला उतरले. मालकीण ओट्यावर होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "वा, बरं झालं. आता एखादी बाई ठेवा हो घरकामाला. परवडेल तुम्हाला." माझ्या ओळखीची एक आहे, उद्या पाठवते, असंही म्हणाली.

मी सांगितलं, पाठवू नका. माझं मी करते.

मग आत जाऊन दाराला कडी घातली आणि एकीपुरता भात लावला. पहिल्याच वेळेला अंदाज बरोबर आला. जेवले, ताट घासलं, पांढरं पातळ धुऊन दोरीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती.